निळ्या टिपाडातली म्हातारी

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता ढोकीतल्या उत्तरेश्वर यांच्या गोठ्यात पाण्यानं भरलेलं एक निळं टिपाड वाकळेखाली झाकण्यात आलं. त्याभोवती कडब्याच्या पेंढ्या रचण्यात आल्या. टिपाडात मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी डासाची मादी आहे. वय जेमतेम महिन्याचं, पण आमच्यात एवढ्या वयाला पणजी म्हणतात. अंगावर काळे-पांढरे पट्टे आहेत. मी दिवसा काम करते आणि रात्री झोपते. उत्तरेश्वर रोज रात्री उशाशी कॉइल पेटवतात, तेव्हा मी त्यांच्याच खाटेखाली गाढ झोपलेली असते. दिवसा ते कॉइल विझवून ठेवतात, कारण ती महाग आहे.

माझा जन्म याच टिपाडात झाला. ढोकीच्या या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्यामुळं इथं पाणी ओतून देणं म्हणजे ताटातली भाकरी फेकण्यासारखं मानतात. अशा घरी आमचं बालपण सुखात जातं. आम्ही पाण्यात डोकं खाली करून वळवळत वाढतो, मग पंख फुटतात.

पंख फुटल्यावर आमचे पुरुष फुलांचा रस पिऊन राहतात. तेवढ्यावर माझंही पोट भरतं. रक्त लागतं ते अंड्यांसाठी. रक्तातली प्रथिनं पचवून माझं शरीर अंड्यांचा बलक तयार करतं. म्हणजे मी चावते ती लेकरांसाठी. हे मी आजवर अनेकांच्या कानाशी जाऊन सांगितलं, पण दर वेळी टाळी वाजली आणि ती कौतुकाची नव्हती.

माझी सोंड एक दिसते, पण तिच्या आवरणात सहा बारीक सुया आहेत. काही कातडी कापतात, काही कापलेलं उघडं धरतात, एक रक्त ओढते आणि एक लाळ सोडते. लाळेमुळं रक्त गोठत नाही. खाज सुटते तीही लाळेचीच, पण तोवर मी भिंतीवर बसून आराम करत असते.

आता सोमवारकडे परत येते. टिपाड झाकलं ते कडूबाईंनी. त्या उत्तरेश्वर यांच्या थोरल्या बहीण. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणते. त्या दिवशी गावात कोरडा दिवस होता. घरोघरची साठवणीची भांडी रिकामी करून घासायची, अशी आरोग्य खात्याची सूचना होती. त्यासाठी गावच्या आशा सेविका श्रीदेवी दारात आल्या.

"आत्या, टिपाड कुठं हाय?"

"कसलं टिपाड बाई? आमी घागरीवरच भागवतो."

त्याच वेळी म्हशीनं एक पेंढी ओढली, मग दुसरी. तिसऱ्या पेंढीबरोबर वाकळही खाली आली.

"आत्या, तुमची म्हैस लई खरं बोलती बघा," श्रीदेवी म्हणाल्या. त्यांनी टिपाडात वाकून पाहिलं. "अन् हे काय वळवळतंय?"

"वळवळतंय म्हंजी पानी जित्तं हाय. मेल्यालं पानी प्यायचं का?"

"जित्तं न्हाय, डास हायत ते. वता सगळं. अन् आतून काथ्यानं घासा. अंडी काठाला चिकटलेली असत्यात."

हे ऐकून मी दचकले. तासाभरापूर्वीच मी पाण्याच्या जरा वर, टिपाडाच्या आतल्या बाजूला अंडी घातली होती. आमची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. ती मरतात ती घासल्यावरच.

कडूबाईंनी लुगड्याचा पदर दुहेरी केला आणि सगळं पाणी घागरींत गाळून घेतलं. पदरात राहिलेली माझी भाचरं मातीत झटकली. श्रीदेवींना पुढची घरं होती, त्या समाधानानं गेल्या. मग कडूबाईंनी टिपाड ओल्या फडक्यानं बाहेरून पुसून लख्ख केलं.

"आत्या, आतून?" भाची हर्षालीनं विचारलं.

"आतून घासायला दोन घागरी पानी लागंल. अन् आतून कोण बघायला येतंय?"

गाळलेलं पाणी परत टिपाडात गेलं. माझ्या अंड्यांच्या वतीनं मी कडूबाईंची आभारी आहे.

हर्षाली ही उत्तरेश्वर यांची मुलगी. गुरुवारी धाराशिवला तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. यंदा जमलं तर वर्दी, नाही तर दिवाळीनंतर लग्न, असा तिचा आणि वडिलांचा करार होता. त्यामुळं ती रोज कारखान्याच्या रस्त्यावर पळायची. धापा टाकणाऱ्या माणसाच्या श्वासातला वायू, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून आम्ही माणूस शोधतो. या तिन्ही बाबतींत हर्षालीसारखी दुसरी व्यक्ती गल्लीत नव्हती.

सोमवारी घागरी वाहून ती पायरीवर टेकली, तेव्हा मी तिच्या घोट्यावर बसले.

"आई गं! आत्या, दिवसाढवळ्या चावतेत बघ ही."

"तू पोलीस होनार ना? मग धर की तिला."

तिला मी सापडले नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण त्याच्या दहाएक दिवस आधी मी शेजारच्या भीमाशंकर अप्पांकडे जेवले होते. अप्पांचं किराणा दुकान आहे. ते तापानं फणफणून दुकानाबाहेर बाजेवर पडले होते. तापलेलं रक्त पोटात गेलं की आमच्या अंगातही खास प्रथिनं तयार होतात. ती आमच्या पेशींना चटक्यापासून सांभाळतात. त्या दिवशी ती भरपूर तयार झाली.

अप्पांनी दवाखान्यात रक्त तपासायला दिलं होतं. मग ताप उतरला आणि त्यांनी अहवाल आणलाच नाही. बुधवारी श्रीदेवी निरोप घेऊन आल्या.

"अप्पा, तुम्हाला डेंग्यू होता."

"होता न्हवं? मग गेला की!"

तो गेला नव्हता, मित्रांनो. माझ्याकडे आला होता. डेंग्यूचा विषाणू आधी माझ्या आतड्याच्या पेशींत वाढतो, तिथून अंगभर पसरतो आणि साधारण आठ-दहा दिवसांनी लाळेत पोचतो. मला त्याचा त्रास होत नाही. त्यामुळं सोमवारी तो माझ्या लाळेत होता की नव्हता, हे मलाही माहीत नाही.

उत्तरेश्वर धावत श्रीदेवींकडे आले. "ताई, पोरीला सोमवारी डास चावलाय. काय व्हनार न्हाय ना?"

"डास तर सगळ्यांनाच चावत्यात, दादा. आलाच तर ताप चार दिवसांनी, न्हाय तर आठवड्यानं येतो."

"मंजी उद्या पळून होईस्तवर येत न्हाय," मागोमाग आलेली हर्षाली म्हणाली. "आला तर शुक्रवारी येऊ दे. मी गोधडी घेऊन तयार हाय."

त्याच दुपारी कडूबाईंनी टिपाड आडवं केलं आणि काथ्या घेऊन खांद्यापर्यंत आत शिरल्या. दोन घागरी पाणी गेलं. माझी सगळी अंडी गेली. आई म्हणून मी यावर अधिक बोलत नाही. पण आत्मवृत्ताच्या अखेरीस काही सांगायचं असतं, म्हणून सांगते. मित्रांनो, भांडं आतून घासा, आणि ते दुसऱ्याच्या घरी ताप येण्याआधी घासा. माझ्या जातीनं असं सांगणं बरं नव्हे, पण हर्षालीचं पळणं मी रोज पाहिलं आहे.

गुरुवारी दुपारी धाराशिवहून तिचा फोन आला. मैदानात पाणी साचल्यामुळं चाचणी पुढच्या सोमवारी ठेवली होती.

"बरं झालं," कडूबाई म्हणाल्या. "आनखी चार दिस पळंल."

उत्तरेश्वर बोटांवर वार मोजत होते.

शुक्रवारी आणि शनिवारी हर्षाली पळाली. आज रविवार. सकाळी पळून आल्यावर ती पाय दुखतात म्हणाली. पळण्यानं दुखतात, असं तिचं म्हणणं आहे. श्रीदेवींनी तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला आहे. तो अजून काढलेला नाही.