फुस्का कोंबडीचा कौल

मी एक म्हातारी कोंबडी आहे. डोळ्यांना अंधुक दिसते, अंडी घालणे केव्हाच थांबले, आणि दिवसभर माझ्या धन्याच्या, नुमेरियसच्या परसात ऊन खात बसते. पण मित्रांनो, मला साधीसुधी समजू नका. एके काळी माझ्या चोचीकडे पाहून रोमची सैन्ये हलत होती.

माझा जन्म पिकेनमच्या डोंगरातल्या एका शेतावर झाला. रंगाने काळपट, म्हणून सगळे मला फुस्का, म्हणजे काळी, म्हणू लागले. खाण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून अधाशी. मालकीण वैतागून म्हणायची, "हिच्या पोटात काय विहीर आहे का गं बाई?" त्याच गुणावर माझे नशीब उघडले. लष्करातल्या पवित्र कोंबड्यांचा राखणदार नुमेरियस शेजारच्याच गावचा. त्याने मला खाताना पाहिले आणि काखोटीला मारून थेट छावणीत नेले.

आमच्याकडे रीतच आहे तशी. लढाईच्या सकाळी पिंजरा उघडायचा आणि पुढे पिठाच्या गोळ्याचा चुरा टाकायचा. कोंबड्या तुटून पडल्या, चोचीतून चुरा सांडला, की देव राजी. कोंबड्या बाहेरच आल्या नाहीत, तर देवांचा नकार. मग सेनापती कितीही मोठा असो, त्या दिवशी तलवार म्यानातच राहायची.

आता देवांनी राजी व्हावे म्हणून आम्हाला आदल्या दिवशी उपाशी ठेवत. हे गुपित फक्त सेनापतीला आणि नुमेरियसला ठाऊक. त्या दिवशी तो बिचारा स्वतःही जेवत नसे. पिंजऱ्याला टेकून म्हणायचा, "रागावू नको फुस्काबाय. वरून हुकूम आहे." मी रागावत नसे. दुसऱ्या दिवशी खाऊन घेत असे.

माझ्या कौलावर लढाया जिंकल्या गेल्या. शिपाई पिंजऱ्याला फुलांच्या माळा घालत, मनुका आणत. मला वाटे, सगळा पराक्रम माझाच.

मग रोममध्ये दोन बड्या माणसांचे सत्तेवरून बिनसले. कोण श्रेष्ठ, एवढाच प्रश्न, पण त्यासाठी गावेच्या गावे दोन्हीकडे ओढली गेली. नुमेरियसचा एकुलता एक मुलगा सर्वियस दक्षिणेत द्राक्षांच्या मळ्यावर कामाला होता. तिथे भरतीवाले आले आणि त्याला दुसऱ्या सैन्यात घेऊन गेले. शेवटी दोन्ही छावण्या एकाच ओढ्याच्या दोन काठांवर येऊन बसल्या. पाणी भरायला येणारे शिपाई एकमेकांना ओळखून हाका मारत.

एकाने सर्वियसला पाहून विचारलेसुद्धा, "काय रे, बाप इकडे, तू तिकडे. घरी आईनं रडायचं तरी कुणाच्या नावानं?"

सर्वियस घागर भरून निघून गेला. नुमेरियस मात्र तो दिसेनासा होईपर्यंत काठावर उभा होता.

त्याच दिवशी सेनापतीने त्याला बोलावले. "उद्या सकाळी कौल हवाय. कोंबड्यांना आज दाणा नको."

"जी," नुमेरियस म्हणाला.

पण दिवेलागणीला तो पिंजऱ्याशी आला तो अंगरख्याचा घोळ भरूनच. सातू, अंजिरे, चीजचे तुकडे! आम्ही तुटून पडलो. तो सारखा म्हणत होता, "खा गं बायांनो, पोटभर खा. उद्या कुणी बाहेर येऊ नका. माझा पोरगा आहे पलीकडे."

सकाळी सगळे सैन्य रांगा धरून उभे होते. पिंजरा उघडला, चुरा पडला. बाकीच्या कोंबड्या कोपऱ्यात पेंगत राहिल्या. नुमेरियसला भीती होती ती माझीच. आणि खरोखरच, जुन्या सवयीने माझा एक पाय दाराबाहेर पडला. मान वर केली तर त्याचा चेहरा राखेसारखा झालेला. मला इतके वाईट वाटले म्हणून सांगू! दाण्याची इच्छाच मेली. मी मागे फिरले आणि पंख मिटून बसले.

रांगांमधून सुटकेचा सुस्कारा निघाला. सेनापती मात्र खेडेगावातच वाढलेला. त्याने मला उचलले आणि गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपली.

"टम्म आहे ही," तो दातओठ खात पुटपुटला. "तुझं मुंडकं उडवायला हवं, थेरड्या."

नुमेरियसने मान खाली घातली. "उडवा, साहेब."

सेनापतीने रांगांकडे पाहिले. आजचा कौल भरल्या पोटाचा म्हणून खोटा, असे ओरडून सांगितले, तर मागचे सगळे कौल कुठल्या पोटाचे, हे कुणीतरी विचारणारच. त्याने मला जवळजवळ पिंजऱ्यात फेकलेच. मग मोठ्याने म्हणाला, "देवांचा नकार आहे! आज लढाई नाही."

तो दिवस मी विसरणार नाही. दोन्हीकडचे लोक ओढ्यात उतरले. कुणाला मेहुणा भेटला, कुणाला चुलतभाऊ. सर्वियस चालत थेट आमच्या पिंजऱ्यापाशी आला.

"वाळलास रे," नुमेरियस म्हणाला.

"तिकडची पेज फार पातळ, बाबा. आईची आठवण येते."

"मग राहा की इथंच!"

"माझ्या राहुटीतली पोरं तिकडे आहेत. त्यांना टाकून कसा राहू?"

बापाने मुलाच्या पुढ्यात पेजेचे भांडे सरकवले आणि तो खाताना नुसता पाहत राहिला.

सेनापतीने मग पिंजऱ्यावर स्वतःचे पहारेकरी बसवले. आम्हाला कडकडीत उपास घडला. दुसऱ्या सकाळी पिंजरा उघडताच आम्ही चुऱ्यावर झडप घातली, आणि सगळ्यांत पुढे मीच होते. रणशिंग वाजले. सैन्य ओढ्याकडे निघाले. नुमेरियस माझ्या पिंजऱ्याशेजारी तोंड झाकून बसला.

पण काठावर येऊन सैन्य थबकले. समोर कालचेच पाहुणे उभे होते.

पलीकडून कुणीतरी ओरडले, "ए लंबू, काल तुझा पट्टा राहिला की माझ्याकडे! घेऊन जा."

"राहू दे, उद्या येतो!" इकडून उत्तर गेले. आणि दोन्ही काठांवर हशा पिकला. पुन्हा शिंग वाजले. कोणी हलले नाही. सेनापती ओरडून ओरडून घोगरा झाला. अखेर दोन्ही सेनापतींनाच ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून बोलणी करून तह करावा लागला.

नुमेरियसची नोकरी गेली. "ती हावरट कोंबडीही घेऊन जा," असे त्याला सांगण्यात आले. द्राक्षे उतरवायच्या वेळेला सर्वियसही घरी आला. त्याच्या आईने आधी त्याला दोन धपाटे घातले आणि मग मिठी मारली.

मित्रांनो, आता थकले आहे, तेव्हा एवढेच मागते. भुकेला जीव दाण्यावर तुटून पडला, तर त्यात देवांची मर्जी शोधू नका. त्या सकाळी मी खाल्ले, कारण मला भूक लागली होती. सर्वियसला मारा, असे मी कधीच म्हटले नव्हते.