ताईचा हवापालट

माझे मेहुणे दर रविवारी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लोकांना कसं जगायचं ते सांगतात. कुठल्या कुशीवर झोपावं, उशी किती जाड असावी, घास किती चावावा, प्रवासाच्या बॅगेत खाली काय ठेवावं आणि वर काय, परक्या गावातलं पाणी प्यावं की नुसतं बघावं. संपादक त्यांचा कॉलेजातला वर्गमित्र आहे, एवढीच त्या सदरामागची वैद्यकीय पात्रता. नोकरीत असताना ते एका विमा कंपनीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर पाठवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मानवजात हाती घेतली.

सदराच्या शेवटी वाचकांचे प्रश्न असतात. तेही भाऊजीच लिहितात. 'एक चिंतित गृहिणी', 'एक हौशी प्रवासी', 'पन्नाशीतला तरुण' असे सगळेजण जेवणाच्या टेबलाशी बसून एकाच पेनाने चिंता करतात. एकदा 'हौशी प्रवासी' भाऊजींच्या मताविरुद्ध काहीतरी बोलून गेला. त्याला त्यांनी असा काही झापला की पुढे बरेच महिने तो पुरवणीकडे फिरकला नाही.

स्वतः भाऊजींनी मुक्कामाचा म्हणावा असा एकच प्रवास केला आहे, लग्नानंतरचा. तिथली उशी कडक निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर चढलेला तरी असतो. आमचे भाऊजी खुर्चीवरून हाकतात.

आमच्या घरात त्यांचं नाव 'सूचनाफलक'. अर्थात त्यांच्या पाठीमागे. फलकाची एक गोष्ट चांगली असते, वाचायचा नसला तर आपण पुढे निघून जाऊ शकतो. माझ्या बहिणीला ती सोय नव्हती. "अगं, उभ्याने पाणी पिऊ नकोस. अगं, बसल्या बसल्या वाकू नकोस. अगं, जेवणावर लगेच हसू नकोस." हे शेवटचं तिने इतकं मनावर घेतलं की जेवणाआधीचंही बंद केलं.

या हिवाळ्यात ताईला न्यूमोनिया झाला. भाऊजींना तो वैयक्तिक अपमान वाटला. भाडेकरूने न विचारता भिंतीत खिळा ठोकल्यावर घरमालक करतो तसा चेहरा करून ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते. "माझ्या घरात न्यूमोनिया," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. ताईच्या छातीत तो होता, हा तपशील त्यांच्या हिशेबी नव्हता.

ताई बरी झाली, पण खोकला मागे राहिला, आणि बोलणं गेलं. विचारलं तर उत्तर देई, एरवी खिडकीकडे बघत पडून राही. आमच्या डॉक्टरीणबाई वयस्कर आहेत आणि शब्द वापरताना हात आखडता घेतात. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "औषधं पुरे आता. थोडा हवापालट करा."

"मी हेच म्हणत होतो," भाऊजी म्हणाले. जगातल्या कुठल्याही माणसाने काहीही म्हटलं तरी भाऊजी आधीपासून तेच म्हणत असतात.

त्या आठवड्यात मी ताईला बघायला गेलो तर तिच्या पलंगाशेजारी एक पांढरं यंत्र उभं. लहान कपाटाएवढं, वर हिरवा दिवा, आणि अखंड घुंई घुंई चाललेली. भाऊजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हवापालट," ते म्हणाले.

"काय?"

"तासाभरात खोलीतली सगळी हवा पालटतं. जुनी जाते, नवी येते. डॉक्टरीणबाई मोघम बोलल्या, पण मला इशारा पुरतो."

चेष्टा करताहेत असं मला क्षणभर वाटलं. मग आठवलं, हे भाऊजी आहेत.

पुढच्या रविवारी सदर आलं. 'हवापालट म्हणजे गाव बदलणे, हा एक जुनाट गैरसमज आहे. पालटायची असते ती हवा, असे शब्दच सांगतो.' खाली चिंतित गृहिणीने यंत्र कुठे मिळेल, असं विचारलं होतं. तिला दुकानाचा पत्ताही दिला होता.

भाऊजी सदर घेऊन शेजाऱ्यांकडे गेले तेव्हा मी ताईजवळ बसलो. ती यंत्राकडे बघत होती.

"याचा आवाज ऐकलास नीट?" तिने विचारलं. "अगं अगं अगं अगं, असा येतो."

बऱ्याच दिवसांनी ती आपण होऊन काही बोलली होती.

"बंद करू?"

"नको. दिवा लाल होतो, ते धावत येतात." मग ती हळूच म्हणाली, "मैत्रिणीचा फोन आला होता. शाळेतली, समुद्राकाठी राहते ती. एक खोली रिकामी आहे म्हणते, ये आणि हवं तितकं राहा."

"मग जा की."

"एकटीला कोण सोडतंय?"

"तू काय लहान आहेस?"

"लहान असते तर रडून गेले असते." तिने पांघरुणाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली. "मला समुद्राचंसुद्धा एवढं काही नाही रे. सकाळी उठावं आणि कुठल्या कुशीवर झोपली होतीस, असं कुणी विचारू नये. एवढंच. दुसरं काही नको मला."

माझी बहीण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होती आणि ते इतकं लहान होतं की मला त्याचाच राग आला.

पुढच्या तपासणीला मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी नळी कानातून काढली आणि विचारलं, "कुठे गेला नाहीत?"

भाऊजींनी यंत्र समजावून सांगितलं. जाळी किती बारीक, धुळीचा कण किती बारीक, आणि या दोघांच्या लढाईत कण कसा हरतो ते सगळं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे हवेलाच घरी बोलावलंत."

"अर्थात."

"साहेब, हवापालटात हवा आहे तिथेच राहते. माणूस जातो."

ताई हसली. जेवणाआधी, जेवणानंतर, कशाचा विचार न करता हसली. हसताना खोकलीसुद्धा नाही.

भाऊजींनी थोडा विचार केला. हार पत्करायला त्यांना वेळ लागत नाही, कारण ती हार आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. "म्हणजे प्रवास," ते म्हणाले. "उत्तम. प्रवास हा तर माझा विषय. ठरलं तर मग, जाऊ या."

ताईचं हसू तिथेच विझलं. आपल्या भाषेत 'जा' म्हटलं की दार उघडतं. त्याला 'ऊ या' चिकटवा, दारात नवरा उभा.

"या एकट्या गेल्या तरी हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरं तर ते जास्त बरं."

"या अवस्थेत एकटी? माझे वाचक काय म्हणतील?"

वाचकांपैकी बहुतेक सगळे त्या खुर्चीत बसलेले होते, आणि त्यांचं मत स्पष्ट दिसत होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

ताईच्या मैत्रिणीच्या गावी निघायच्या दिवशी सकाळी सामान उचलायला मला बोलावलं होतं. 'एका हाताने सहज उचलता येईल एवढेच सामान न्यावे' हे भाऊजींचं प्रसिद्ध वाक्य. हात माझा असणार, हे त्यात गृहीत होतं. दोन उशा, घरची चादर, पायपुसणं, तापमापक, घरचं पाणी भरलेले कॅन, कारण परक्या पाण्याची पोटाला ओळख नसते, आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं ते यंत्र.

"हे पण?" मी विचारलं.

"समुद्रावरच्या हवेत ओल फार. पालटून घेतलेली बरी."

ताईची एक कापडी पिशवी होती. ती तिने कुणाच्या हातात दिली नाही.

बसस्थानकावर आम्ही इतक्या लवकर पोचलो की आमच्या आधीची गाडीसुद्धा लागायची होती. लवकर पोचल्याने हृदय शांत राहतं. भाऊजींचं शांत हृदय स्थानकभर येरझाऱ्या घालत होतं आणि घोटाघोटाने थर्मासमधलं कोमट पाणी पीत होतं. लांबच्या प्रवासात शरीर कोरडं पडतं, म्हणून निघण्यापूर्वी ते आतून भिजवून घ्यायचं असतं. पहाटेपासून भिजवणं चालू होतं.

"तूही घे," ते ताईला म्हणाले.

"मला तहान नाही."

"तहान लागली म्हणजे उशीर झाला."

गाडी लागली. भाऊजींनी ताईला आतल्या सीटवर बसवलं, कारण खिडकीशी झोत येतो. मग खाली उतरून त्यांनी ड्रायव्हरला पाठ ताठ ठेवण्याविषयी दोन शब्द सांगितले. ड्रायव्हरने आरशात स्वतःची पाठ पाहिली आणि खिडकीची काच वर केली. सामान अजून फलाटावरच होतं. कुठली वस्तू कुठल्या वस्तूवर ठेवायची हे भाऊजींच्या देखरेखीशिवाय ठरायचं नव्हतं.

आणि मग ते थांबले. चेहऱ्यावर एक दूरचा, गंभीर भाव आला.

"मी जरा येतो," ते म्हणाले. "सामानाला हात लावू नकोस." ते ताठ मानेने पण झपाट्याने स्थानकाच्या पार टोकाकडे गेले. तिथे दाराबाहेर रांग होती. त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं, मग रांगेकडे, आणि रांगेत उभे राहिले. माणूस सल्ल्याला विरोध करू शकतो, कोमट पाण्याला नाही.

रांग सरकत गेली, ते आत गेले, आणि इकडे गाडी सुरू झाली. कंडक्टर दारात चढला.

"चला, बसले का सगळे? खाली कोणी राहिलंय?"

तो ताईच्या सीटपाशी आला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथलं कोण?"

मी खाली खिडकीशी उभा होतो. काच अर्धी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. ताईने काचेतून स्थानकाच्या त्या टोकाकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं. आमची आई रागवायची तेव्हा कपाटामागे लपताना ती माझ्याकडे अशीच बघायची.

"ते येत नाहीयेत," ती म्हणाली. दुकानात पिशवी नको म्हणून सांगावं, तितक्या साध्या आवाजात.

"तिकीट दोघांचं आहे."

"असू दे."

कंडक्टरने खांदे उडवले आणि दारातून डोकं बाहेर काढून मला विचारलं, "साहेब, हा पसारा चढवायचा का?"

"नाही," मी म्हटलं. "हा इथलाच आहे."

घंटी वाजली. ताई उठली आणि खिडकीशी सरकून बसली. काच पूर्ण उघडली. गाडी वळली तेव्हा तिने हात वगैरे काही हलवला नाही. हलवला असता तर माझाही हलला असता, आणि तो भाऊजींना लांबूनही दिसला असता.

ते आले ते हात वाळवत आले. साबण कोपरापर्यंत लावायचा असतो. रिकाम्या फलाटाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू गाडी छापताना गाळली गेली आहे.

"गाडी?"

"गेली."

"आणि ही?"

"तीही."

"मी यायचोय हे तिने सांगितलं नाही?"

"कंडक्टरने विचारलं होतं," मी म्हटलं. "गडबड फार होती."

त्यांनी उशांकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. क्षणभर ते नुसते एक म्हातारा माणूस दिसले, आणि मला वाईट वाटायची वेळ आली होती. तेवढ्यात ते म्हणाले, "तिला पाठीशी उशी लागते. घाबरली असेल. पुढची गाडी तासाभराने आहे, ती धरतो," आणि तिकिटाच्या खिडकीकडे निघाले. तासाभराने गाडी. म्हणजे ताईचा हवापालट जेमतेम तासाभराचा.

"भाऊजी," मी म्हटलं. "तुम्हीच असं करायचं?"

"कसं?"

"चुकलेल्या गाडीमागे दुसरी धरू नये, असं तुम्हीच लिहिलंय ना. चुकलेला प्रवास हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो मोडून निघालं की रक्तदाब चढतो."

असं कुणीही कधीही लिहिलेलं नाही. भाऊजी खिडकीसमोर थांबले.

"कधी लिहिलं होतं?"

"मागच्या वर्षी असेल. पावसाळ्यातल्या लेखात."

ते वळले. त्यांचे डोळे ओलसर झाले होते. "तू वाचतोस?"

"दर रविवारी."

"तुझी बहीण वाचत नाही," ते म्हणाले. "शरीराने दिलेला इशारा," त्यांनी हळूहळू म्हणून पाहिलं. "हो. लिहिलंय मी. आता आठवलं. चांगलं लिहिलंय."

"फारच चांगलं."

"त्यात एक ओळ अशीही असावी, की सोबत्याने पुढे जावं आणि आपण घरी विश्रांती घ्यावी."

"आहे ना. शेवटून दुसरी."

तिकीट खिडकीतल्या बाईने 'कुठलं?' म्हणून विचारलं. भाऊजींनी तिला मोठ्या मनाने नको अशी खूण केली आणि मला यंत्र उचलायला सांगितलं. मी उचललं. ते पुढे, मी मागे, असे आम्ही दाराकडे निघालो. समोरून एक माणूस सुटकेस घेऊन सुटणाऱ्या गाडीकडे जिवाच्या आकांताने पळत येत होता.

"अहो, धावू नका," भाऊजींनी त्याला अडवलं. "हा शरीराचा इशारा असतो."

त्याने भाऊजींना कोपराने बाजूला सारलं आणि चालत्या गाडीचा दांडा पकडला.

भाऊजींनी कोट झटकला. "वाचत नसणार," ते म्हणाले.