गॉगलवाला चंद्र

बेलापूरच्या त्या ऑफिसात शाळांसाठी विज्ञानाचे तक्ते तयार होत, आणि कृष्णातने पास केल्याशिवाय एकही तक्ता छापायला जात नसे. कृष्णात म्हणजे तिथला वॉचमन. मालक उदयसिंहसाहेबांच्याच गावचा, साताऱ्याकडचा. साहेबांचा सिद्धांत असा, की वॉचमनला कळलं म्हणजे सहावीच्या पोरांना कळलंच. साहेब तक्ता त्याच्या नाकासमोर धरत आणि विचारत, "समजलं का?" कृष्णात म्हणे, "एक नंबर, साहेब." असे बेचाळीस तक्ते एक नंबर झाले होते. या प्रकाराला साहेब संशोधन म्हणत.

त्रेचाळिसावा तक्ता भरती-ओहोटीचा, आणि तो तक्ते काढायला नव्याने आलेल्या उझमाच्या गळ्यात पडला. तिची सहा महिन्यांची उमेदवारी त्या शुक्रवारी संपत होती. तक्ता पास झाला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी.

उझमा मोरा बंदरावरची. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा मागे सरतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं, कारण ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. साहेबांनी काढून दिलेल्या कच्च्या चित्रात मात्र पाणी पृथ्वीच्या एकाच बाजूला, चंद्राकडे फुगलं होतं. शिवाय सतरा बाण, आणि मुलांना आवडावा म्हणून चंद्राला गॉगल.

"सर, भरती दोनदा येते. पलीकडेपण फुगवटा पाहिजे ना?"

"अगं, दोन दाखवले तर पोरं कन्फ्यूज होतात. सोपं ठेव."

"मग दुसरी भरती येते कुठून?"

"ते सातवीत बघतील."

उझमाचं डोकंच फिरलं. सोपं करणं आणि खोटं सांगणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने चंद्राला गॉगल घालावा नाहीतर स्वेटर, तिला काय! तिने सगळे बाण उडवले. मधे पृथ्वी, तिच्या दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी आणि एका बाजूला साधा चंद्र. पृथ्वीची चकती वेगळी कापून फिरेल अशी टाचणीने बसवली. चकतीच्या कडेला लाल ठिपका, आणि शेजारी दोनच शब्द: आपण इथे.

शुक्रवारी तो तक्ता बघून साहेबांचा चेहरा उतरला. "हे काय, रिकामं रिकामं? बोलव कृष्णातला."

साहेबांचं कच्चं चित्र आणि उझमाचा तक्ता टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी तोंड उघडायच्या आत उझमा म्हणाली, "काका, समजलं का ते सांगू नका. तुमीच आमाला समजवा."

साहेबांच्या चित्राकडे बराच वेळ बघून कृष्णात म्हणाला, "चंद्राला ऊन लागतंय, म्हणून त्यानं गॉगल घातलाय. आन पाणी त्याला बघाया वर आलंय."

मग त्याने उझमाची चकती बोटाने हळूच फिरवली. ठिपका फुगलेल्या पाण्यात शिरला, बाहेर आला, पलीकडे पुन्हा शिरला.

"आरं तिच्या! म्हंजे आपणच फिरून पाण्यात जातुय? दिसातनं दोनदा?" त्याने आणखी एक फेरी मारून खात्री करून घेतली.

साहेबांनी विचारलं, "आणि आधीचे बेचाळीस? ते समजले होते ना रे तुला?"

कृष्णातने मान खाली घातली.

"न्हाई म्हणलं असतं, तर तुमी परत समजावून सांगितलं असतं, साहेब."

उझमाची नोकरी त्याच दुपारी पक्की झाली. बेचाळीस तक्ते नव्याने काढायला कुणीतरी लागणारच होतं.