चारशे बाराव्या ओळीचं उत्तर

नानांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

अकरा वर्षांपूर्वी ते कचेरीच्या पत्त्यावर आलं. निळसर कागद, शाईचं ठसठशीत अक्षर. लिहिणारी बाई कुठल्याशा बेटावरच्या हवामान केंद्रात यंत्रं सांभाळायची. नानांनी ऐन उमेदीत लिहिलेला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तिच्या यंत्रात होता. ड्रायव्हर म्हणजे एका बाजूला कार्ड आणि दुसऱ्या बाजूला कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, या दोघांमधला दुभाष्या. बाहेर जाणारी माहिती पाकिटांत बांधलेली असते, आणि ती पाकिटं तो कार्डाच्या हवाली करतो. बाईनं तो ओळीन् ओळ वाचला होता.

‘चारशे अकराव्या ओळीवर तुम्ही पाकीट कार्डाच्या हवाली करता,’ तिनं लिहिलं होतं, ‘आणि चारशे बाराव्या ओळीवर त्याच पाकिटाला विचारता, तू कोणत्या कार्डाचं? कार्डानं तोवर ते पाठवून, टाकून दिलं नसेल कशावरून? मी हे सगळं पुस्तकं वाचून शिकले, तेव्हा चूक माझीच असणार. पण समजावून सांगाल का?’

नानांनी ओळ उघडून पाहिली. ते लिहिलं तेव्हा यंत्रात एकच प्रोसेसर असायचा. तो पाकीट हवाली करण्यात गुंतलेला असताना दुसरं कोण ते टाकणार? एवढी वर्षं काही बिघडलं नव्हतं. मग बाई चुकत असेल तर तिला तसं कळवायला हवं, आणि बरोबर असेल तर आपण चुकलो हे सगळ्यांना कळवायला हवं. दोन्ही गोष्टी नानांच्याने होण्यातल्या नव्हत्या. नीट तपासून उद्या लिहू, असं म्हणता म्हणता महिना गेला. वर्षानं लिहायचं तर उशिराबद्दल माफी मागायला हवी होती. दोन वर्षांनी तर माफीलाही उशीर झाला. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून छत्री आणि ते पत्र एवढंच घरी आलं.

आणि आता सूनबाईनं जेवणाच्या टेबलावर एक उघडं यंत्र मांडलं होतं.

ती जिथे कामाला होती ती कंपनी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाची यंत्रं सांभाळायची. गेल्या तीन आठवड्यांत त्यातली यंत्रं पाच वेळा कोसळली. शेजारचं यंत्र लगेच भार उचलायचं म्हणून अजून कुणाचा फोन वाया गेला नव्हता. पण ‘अजून’ या शब्दावर कुणी निवांत झोपत नाही. त्यातून तीन आठवड्यांपूर्वीच सूनबाईनं कर्नेलमध्ये एक बदल केला होता.

शनिवारी सकाळी तिच्या साहेबांचा फोन आला. आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

“तुझा बदल गेला आणि पडझड सुरू झाली. अजून काय पुरावा हवा? सोमवारी सकाळी बदल मागे घ्यायचा, आणि हे काम मी दुसऱ्याकडे देतोय.”

“सोमवारपर्यंत कारण सापडलं तर?”

“सापडलं तर बघू.”

तिनं फोन पालथा ठेवला. “ऐकलंत ना, नाना? दोन दिवस.”

“बदल मागे घेतला तर पडझड थांबेल ना?” नानांनी चाचरत विचारलं.

“थांबेल, पण दुखणं तसंच राहील आत. पुढे कुणीतरी दुसरं काही बदलेल, आणि परत हेच.”

नाना वर्तमानपत्राआडून तिचं काम बघू लागले. यंत्र कोसळताना मरणापूर्वीच्या जबाबासारखं काहीबाही बोलून जातं: आपण कुठल्या ओळीवर होतो, हातात काय होतं, कुणी बोलावलं होतं. तो जबाब तिनं कागदावर छापून घेतला आणि चांगला अर्धा तास की-बोर्डला हातही लावला नाही. नुसती पेन्सिल घेऊन वाचत होती. शेजारी वही. डाव्या पानावर ‘मला माहीत आहे’, उजव्या पानावर ‘मला वाटतं’. खात्री पटली की गोष्ट उजवीकडून डावीकडे जायची, आणि एकदा तर तिनं डावीकडची एक ओळ खोडून उजवीकडे हलवली, जराही न ओशाळता. नाना बघतच राहिले. आपण जन्मभर ही दोन पानं एकच समजून चाललो, असं त्यांना वाटून गेलं.

“हे काय चाललंय?” पडद्यावर एकसारखी अक्षरं धावताना पाहून त्यांनी विचारलं.

“सापळा. कर्नेल मेमरीतली जी जागा मोकळी करतं, ती मी लगेच एकाच खुणेनं भरून टाकते. सहा-बी, सहा-बी, सहा-बी. ओल्या रंगासारखं. मोकळ्या जागेला जो हात लावेल त्याचे हात रंगणार. एरवी दहादा चुकून एखाद्याच वेळी सापडतो, आता दर वेळी सापडेल.”

“वा,” नाना म्हणाले. मनापासून म्हणाले.

पस्तीस मिनिटांनी यंत्र कोसळलं. तिनं जबाब वाचला आणि टाळी वाजवली. “रंगले! हातात सहा-बी आहे. टाकून दिलेलं पाकीट कुणीतरी वाचतंय!”

“कुठे कोसळलं?”

“तुमच्या ड्रायव्हरमध्ये. आमच्या कार्डांनाही तोच आहे ना. पण ते सोडा हो. जिथे प्रेत सापडतं तिथेच खून झालेला असतो असं नाही. पाकीट वेळेआधी टाकणारा दुसराच कुणीतरी आहे, आणि मला भीती आहे, ती मीच आहे.”

ती चहा टाकायला उठली. नानांनी वहीत डोकावलं. डाव्या पानावर, ‘मला माहीत आहे’च्या खाली, पहिलीच ओळ होती: नानांचा ड्रायव्हर ठीक आहे.

नाना उठून आत गेले आणि कपाटातला खालचा खण उपसू लागले.

“अहो, काय शोधताय?” त्यांच्या बायकोनं विचारलं.

“पत्र.”

“ते निळं? ते वरच्या खणात, औषधांच्या डब्याखाली. दर वर्षी काढता, वाचता आणि जागा बदलून ठेवता. मला वाटायचं, प्रेमपत्र असेल.”

“त्याहून वाईट आहे.”

नाना टेबलाशी परतले. त्यांनी पत्र तिच्यापुढे ठेवलं. “अगं, माझी कदाचित चूक होत असेल... पण तुझी ती पहिली ओळ चुकीच्या पानावर आहे.”

सूनबाईनं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग नानांची फाइल उघडून चारशे बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. नाना भिंतीकडे बघत उभे राहिले.

“माझ्या बदलानं,” ती सावकाश म्हणाली, “पाठवून झालेली पाकिटं दुसरा प्रोसेसर लगेच टाकतो. पूर्वी तो रेंगाळायचा, म्हणून तुमची ओळ निभावून जायची. आता इकडे तुम्ही पाकिटाला विचारेपर्यंत तिकडे ते गेलेलं असतं.” ती एकदम हसली. “नाना, या बाई काय हुशार आहेत हो! ना जबाब, ना सापळा, नुसतं वाचून ओळखलं!”

“आणि मी अकरा वर्षं...”

“ते नंतर. आधी दोन ओळींची अदलाबदल. आधी विचारायचं, मग हवाली करायचं.”

रविवारी सकाळी दुरुस्त केलेलं यंत्र त्याच सापळ्यासह सुरू झालं. पस्तीस मिनिटं झाली. तास झाला. नाना घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले. “उकळत्या दुधापाशी बसल्यासारखे बसलात,” बायको म्हणाली. संध्याकाळ झाली तरी यंत्र चालूच होतं. सूनबाईनं वहीतली ती पहिली ओळ खोडली आणि साहेबांना फोन लावला. या वेळी पलीकडचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला नाही. ती फक्त म्हणाली, “बदल राहणार म्हणाले. आणि या कामावर मीसुद्धा.”

मग तिनं दुरुस्ती पाठवायला घेतली. “खाली नावं लिहायची रीत आहे. दुरुस्ती केली कुणी, आणि चूक दाखवली कुणी. चूक दाखवणाऱ्या तुमच्या बाई. पण त्यांना विचारल्याशिवाय नाव कसं टाकू? तुम्ही लिहा त्यांना.”

“मी? आता? अगं, त्या तिथे असतील तरी का? नसतीलच. आणि असल्या तर काय म्हणतील?”

“नाना, हे सगळं उजव्या पानावरचं आहे.”

नानांनी अकरा कागद फाडले. पहिल्या दहांत माफी पानभर होती. अकराव्यात ती अर्ध्या पानावर आली. बाराव्यात नुसतं लिहिलं: ‘तुम्ही बरोबर होता. चूक माझी होती. माझ्या सुनेनं ती काल पकडली, तुमच्या पत्रामुळे. उत्तराला अकरा वर्षं लागली याला कारण यंत्र नव्हे, मी. दुरुस्तीखाली तुमचं नाव लिहायची आम्हांला परवानगी द्याल का?’

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते दारात हजर होते. खिडकीतल्या कारकुनानं हात पुढे केला, पण नानांनी पाकीट सोडलं नाही. पत्ता वाचला. आतला कागद उजेडाला धरून पाहिला. स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता, सगळं पुन्हा वाचलं.

“द्या ना, काका,” कारकून म्हणाला. “मागे रांग लागलीय.”

“देतो, देतो. एकदा दिल्यावर मग काही विचारता येत नाही,” नाना म्हणाले, आणि त्यांनी पाकीट त्याच्या हवाली केलं.