शुभदानं तपासलेले पेपर

उल्हासनं आयुष्यात कधी कागद वाचून विमा विकला नव्हता. पॉइंट कुकमध्ये, परदेशातल्या त्यांच्या उपनगरात, एखादं मराठी कुटुंब नव्या घरात राहायला आलं, की पडदे लागायच्या आत हा पेढ्यांचा डबा घेऊन दारात हजर. पोरांची नावं विचारायचा, पुण्यातली कुठली तरी ओळख काढायचा आणि उठता उठता म्हणायचा, "उद्या तुला काही झालं तर हिचं काय, ते एकदा बसून बोलू." पॉलिसी व्हायचीच. पुढचं सगळं शुभदाकडे. फॉर्म, डॉक्टरांचे कागद, कुणाला कॅन्सर निघाला तर कंपनीशी महिनोन्महिने भांडून क्लेम काढणं. सल्लागार म्हणून नोंद दोघांचीही होती. पण बावीस वर्षांत तिला कुणी सल्लागार म्हटलं नव्हतं. 'वहिनी, तो कागद बघा ना,' एवढंच.

मग सरकारचा नियम आला. नवा असो की जुना, प्रत्येक सल्लागारानं परीक्षा द्यायची. दोन हजार एकवीस संपायच्या आत पास व्हायचं, नाहीतर नाव यादीतून कमी. कायदा, नीतिनियम, लेखी उत्तरं, साडेतीन तास. करोनामुळे घरूनही देता येत होती, फक्त लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी सतत बघत असायचं.

मार्चमध्ये उल्हास एकटाच बसला. "आधी माझं होऊ दे. तुझं काय, बघू नंतर." तो नापास झाला. मित्रांना त्यानं सांगितलं, ऐन वेळी इंटरनेट गेलं.

जुलैसाठी शुभदानं दोघांची नावं घातली. पहाटे उठून तिनं स्वतःचा अभ्यास केला आणि नाश्त्यानंतर त्याचा घेतला. ग्राहकाचं हित आणि आपलं हित यांत फरक पडला तर काय करायचं, हे ती त्याला चौथ्यांदा समजावत होती, तेव्हा तो खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "मास्तरीणबाई, तुम्ही एक तरी पॉलिसी विकली आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

त्याची परीक्षा मंगळवारी होती, तिची गुरुवारी. मंगळवारी सकाळी त्यानं घरात चिटपाखरू नको म्हणून फर्मान काढलं. नळाचा आवाज नको, पावलं नकोत. बाहेर लॉकडाऊन, जायचं कुठं? शुभदा गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसली. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा; पायांवर ब्लँकेट, मांडीवर वही. चार तास ती तिथंच होती, थंडीनं बोटं आखडली तरी. तो बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

गुरुवारी तिनं खोलीच्या दारावर कागद चिकटवला: परीक्षा चालू आहे. पहिल्या तासातच तिला कळलं की जमतंय. प्रश्न ओळखीचे निघत होते. एका विधवेच्या क्लेमबद्दल लिहायचं होतं, आणि असे क्लेम तिनं स्वतः अकरा लढवले होते. ती भराभर टाइप करत होती. तेवढ्यात मागं दार उघडलं.

"घे, गरम आहे तोवर," उल्हास म्हणाला. त्यानं कप लॅपटॉपशेजारी ठेवला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून पडद्याकडे बघितलं. "बापरे, केवढं लिहिलंस!"

स्पीकरमधून एक तरुण आवाज आला. "मॅम, देअर इज समवन इन द रूम." मग, थोडं थांबून, "आय अ‍ॅम सॉरी, मॅम." पडदा पांढरा झाला.

शुभदानं दोन-तीन कळा दाबून बघितल्या.

"अगं, मला काय माहीत!" उल्हास म्हणाला. "चहाच तर आणला."

"मंगळवारी तुम्ही मला गाडीत बसवलं होतं."

तो दारापर्यंत गेला होता. तिथूनच वळून म्हणाला, "तो माझा धंदा आहे, शुभदा. तुझी हौस आहे." आवाजात राग नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला.

ऑगस्टअखेर निकाल आले. तो दुसऱ्यांदा नापास. तिच्या नावापुढे 'नियमभंग, परीक्षा रद्द' असं लिहिलेलं. तिनं चार ईमेल लिहून नोव्हेंबरला पुन्हा बसण्याची परवानगी मिळवली आणि ते त्याला सांगितलं नाही. त्याचा अभ्यास मात्र घेत राहिली. आता तो सरळ ऐकत होता, कारण घाबरला होता. रोज एक सराव पेपर लिहायचा, ती लॅपटॉपवरच्या नमुना उत्तरांशी ताडून तपासायची. सप्टेंबरच्या मध्यावर त्याला शंभरात सत्तर पडायला लागले. या वेळी तो पास होईल, असं तिला वाटू लागलं होतं. बरंही वाटत होतं, खरं सांगायचं तर.

मग तो शनिवार. लॉकडाऊनमधले मित्र संध्याकाळी झूमवर जमायचे. संजीव आणि पद्मा होते, आणखी तीन-चार घरं होती. गप्पा परीक्षेवर आल्या, तसा उल्हास रंगात आला.

"हिचा किस्सा ऐका. मी प्रेमानं चहा नेला, तर परीक्षाच कॅन्सल! म्हटलं बरं झालं, एका घरात दोन सल्लागार कशाला?"

सगळे खो खो हसले. "वहिनी, नवरा चहा आणून देतो, भाग्य लागतं," पद्मा म्हणाली. शुभदा त्याच्या शेजारीच बसली होती, कॅमेऱ्यात दिसत होती. तीही हसली.

सोमवारी तिनं त्याचा पेपर तपासायला घेतला. चौदाव्या प्रश्नाचं उत्तर त्यानं अगदी बरोबर लिहिलं होतं. तिनं त्यावर फुली मारली.

"हे चूक?" तो म्हणाला. "हे तर मला पक्कं येत होतं."

"तसंच वाटतं. इथंच फसवतात."

त्यानंतर ती रोज दोन-तीनच फुल्या मारायची. चुकलेली उत्तरं तर चूकच होती, तिथं तिला काही करावं लागत नसे. निवडायची ती नेमकी अशी उत्तरं, जी त्यानं न अडखळता लिहिलेली असत. ऑक्टोबर संपेपर्यंत उल्हास एक ओळ लिहायचा आणि खोडायचा. पेढ्यांचा डबा घेऊन परक्यांच्या घरात बिनधास्त शिरणारा माणूस 'होय की नाही' एवढ्या प्रश्नावर दहा मिनिटं बसून राहायचा. एकदा म्हणाला, "शुभदा, मी मठ्ठ आहे का गं?"

ती म्हणाली, "वय होतं माणसाचं."

त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी खरं सांगून टाकावं, असं तिनं ठरवलं. सकाळी त्यानं पेपर पुढं ठेवला, आणि तिनं पेन उचललं.

नोव्हेंबरमध्ये शहर उघडलं होतं. तो परीक्षेला घरूनच बसला. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून ती ट्रेननं सिटीतल्या परीक्षा केंद्रावर गेली. निकाल आले तेव्हाच त्याला कळलं की तीही बसली होती. ती पास झाली. तो नापास झाला, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा कमी गुणांनी.

दोनदा किंवा जास्त वेळा नापास झालेल्यांना सरकारनं आणखी नऊ महिने दिले होते. तिनं ते पत्र त्याच्यापुढं ठेवलं.

"बसता पुन्हा?"

उल्हासनं पत्र वाचलं नाही. "तू तपासलेलं सगळं बरोबर होतं ना?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. तो खरंच विचारत होता.

"हो," शुभदा म्हणाली. "बरोबर होतं."

"मग नको. माझंच डोकं चालत नाही आता."

फोन वाजला. जवळच्या टार्नीटचा विनय होता, उल्हासचा जुना ग्राहक. बायको गरोदर आहे, पॉलिसी वाढवायची म्हणत होता. उल्हासनं सवयीनं तोंड उघडलं, मग थांबला. यादीत नाव नसलेल्यानं सल्ला द्यायचा नाही, एवढा कायदा त्याला आता पाठ होता.

"थांब हं," तो म्हणाला. "मॅडमना देतो."

शुभदानं फोन घेतला आणि त्याला हातानंच खूण केली, दार लावून घ्या. तो बाहेर गेला आणि त्यानं आवाज न करता दार लावून घेतलं.