लॅपटॉपातला राम

दारासुरमला व्यासराजाच्या घरासमोर त्या सकाळी एवढी गर्दी होती की टाउन बस अडली. विणकर, त्यांच्या बायका, एक पुजारी आणि बिघडलेला मिक्सर कडेवर घेतलेली अलमेलुमामी. ओसरीवर पाट, पाटावर केळीचं पान, पानावर लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या गळ्यात झेंडूचा हार. लॅपटॉपला गळा नसतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मीही त्या गर्दीत होतो, हे आधीच कबूल करतो. माझी स्कूटर चढावर धापा टाकायची आणि संगणकस्वामी स्कूटरही बऱ्या करतात असं कानावर आलं होतं.

ही १९९८ सालची गोष्ट. व्यासराज रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी काढायचा. आमच्यासारखंच मराठी घर, तंजावरच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. सिंगापूरच्या मेहुण्याने आपला जुना लॅपटॉप त्याला दिला होता, पण मोराची एक नक्षी उघडायला तो चार मिनिटं घ्यायचा. शुक्रवारपर्यंत चाळीस काठ द्यायचे होते. नाही दिले तर लग्नसराईचं काम दुसरीकडे जाणार. पैसे होते एकाच सुधारणेपुरते. मग आधी काय बदलायचं? दुकानदार म्हणाला, मोठी हार्ड डिस्क. मेहुण्याने चिठ्ठीत लिहिलं, रॅम, म्हणजे मेमरी. आठवडाभर व्यासराजाला जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्याने स्वामींना बोलावलं.

स्वामींनी मेहुण्याची चिठ्ठी वाचली आणि डोळे मिटले.

“रॅम नव्हे, मुला! राम! गोऱ्यांची जीभ वळत नाही. या यंत्रात राम उरलेला नाही!”

गर्दी हळहळली.

“आधी याची दशा पाहा,” स्वामी म्हणाले. पडद्यावर नक्षीचा प्रोग्राम चालू होता. शिवाय पंचांगाचा, गाण्यांचा आणि रंगीत मासे पोहणारा एक. स्वामींनी मोराची नक्षी उघडायला कळ दाबली. लॅपटॉप कुरकुरला, त्याचा छोटा दिवा लुकलुकत राहिला आणि चार मिनिटांनी मोर आला.

मग त्यांनी लॅपटॉपच्या पोटाखाली तांब्याची पट्टी चिकटवली. “आता याला समाधी!” त्यांनी लॅपटॉप बंद केला, शंख फुंकला, पुन्हा चालू केला आणि नक्षीचा प्रोग्राम उघडला. चाळीस सेकंदांत मोर हजर! अलमेलुमामीने मिक्सर डोक्यावर धरला. “स्वामी, आता याला!”

“ही पट्टी म्हणजे रामयंत्र, दर अमावास्येला बदलायचं,” स्वामींनी बजावलं. दक्षिणा सांगितली ती नेमकी सुधारणेसाठी ठेवलेल्या पैशांएवढी. व्यासराज पाकीट आणायला उठला आणि दारातच थांबला. दारात वेदवतीअक्का उभी होती, त्याची थोरली बहीण. कुंभकोणमला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मघापासून तिचे डोळे मनगटावरच्या घड्याळावर होते.

“थांब रे. स्वामी, आणखी एकदा करून दाखवाल?”

“शंभर वेळा!”

“पण बंद करायचा नाही. मघासारखं सगळं चालू ठेवायचं. मासेसुद्धा.”

“मासे? रामाला मासे वर्ज्य!”

“ते पोहताहेत स्वामी, शिजत नाहीत,” अक्का म्हणाली आणि तिने स्वतःच सगळं चालू केलं. पट्टी जागेवरच होती. स्वामींनी शंख तीनदा फुंकला, तिसऱ्यांदा तर नुसतीच हवा आली. मोराला लागली चार मिनिटं.

“अंबुजा, एक कच्चा अप्पळम आण गं,” अक्काने भावजयीला सांगितलं. मग अक्काने पट्टी काढून तिथे तो पापड ठेवला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि फक्त नक्षी उघडली. चाळीस सेकंद!

“अप्पळमस्वामींचा जयजयकार!” मागून कुणीतरी ओरडलं. अक्काने कपाळावर हात मारला.

“अहो, पापडानेही काही झालं नाही! मेमरी म्हणजे काम करायचा ओटा. एकाच वेळी त्यावर इडलीचं पातेलं, वाटण आणि माशांची टोपली ठेवली की लॅपटॉप सामान उचलून डिस्कच्या फडताळात नेतो आणि परत आणतो. तो कुरकुरतो आणि दिवा लुकलुकतो तो त्यामुळे. बंद करून चालू केला की ओटा रिकामा. पट्टी कशाला हवी?”

“मग मोठी डिस्क घेऊ का अक्का?” व्यासराजाने विचारलं.

तिने डिस्कवरची जागा तपासली. “निम्मं फडताळ रिकामं आहे. आणखी मोठं आणून चिंचा भरणार? ओटा वाढव. आधी मेमरी घे. तोवर नक्षीखेरीज सगळं बंद ठेव.”

स्वामींना एकाएकी राहुकाळ आठवला. मघा अडलेली बस नुकती मोकळी झाली होती. ते तिच्यातच चढले.

“मग मिक्सरला पापड लावू की नको?” मामीने हळूच विचारलं.

नुसतं बाकीचं सगळं बंद ठेवूनही व्यासराजाचे चाळीस काठ गुरुवारीच गेले. पुढच्या आठवड्यात त्याने मेमरी बसवली आणि मग मासे पोहत असतानाही मोर झटक्यात आला. अक्काने तेव्हाही घड्याळ लावून पाहिलं, आपलंच म्हणणं चुकलं नाही ना म्हणून.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा: पट्टीबरोबर आणखी काय काय बदललं? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळ मोजा. ज्याचा दावा खरा असेल तो तुमच्या घड्याळाला भिणार नाही.