नववीचे आवळलेले मार्क

आमच्या चतुरीला दहावीला सहासष्ट टक्के पडले आणि शेजारच्या सरूबाईच्या पोराला चौऱ्याऐंशी. व्हय, त्याच पोराला, ज्याला अजून घड्याळात बघून किती वाजले ते सांगता येत नाय. सरूबाई पेढे घेऊन आली. मी तिच्या तोंडावर दार लावलं नाय, एवढेच माझे उपकार. पेढा घेतला आणि ती वळल्यावर कुत्र्याला टाकला.

तुम्ही म्हणाल, त्या वर्षी कोरोनात परीक्षाच झाली नाय, मग मार्क आले कुठून? तेच तर सांगते. सरकारनं ठरवलं, निम्मे मार्क नववीचे धरायचे, बाकीचे शाळेनं द्यायचे. नववीची वार्षिक परीक्षा पहिल्या लॉकडाऊनमध्ये बुडालेली. मग उरली कोणती? दिवाळीआधीची सहामाही. आणि त्या सहामाहीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

मुकुंदवाडीतल्या आमच्या पोरीच्या शाळेत हेडसर होते वैजनाथ सर. त्यांची एक रीतच होती. नववीच्या सहामाहीत हुशार पोरांना आवळायचं. पेपर कितीबी चांगला लिहा, मार्क पस्तीस-चाळीसच. कामून, तर डोक्यात हवा जाऊ नये, घाबरून दहावीला जीव तोडून अभ्यास करावा. आणि ढ पोरांना सढळ हातानं द्यायचे, म्हणजे ती शाळा सोडून जात नायत. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. कमी मार्क पडले की आईबाप खूश, आपलं लेकरू हुशारांत धरलं म्हणून. आमचे मालक तर (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते, कडूबा) शाळेत जाऊन सांगून आले, "सर, अजून आवळा, पोरगी लई शेफारलीय." सरांनी आवळलं. अडतीस टक्के. पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती आणि बाप मिशीत हसत होता.

चतुरीला सायन्सला जायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. पण आमच्या घरात पान हलतं ते थोरल्या दिरांच्या शब्दावर. आप्पासाहेब सिल्लोडकडं गावी असतात. शेती तेच बघतात, आणि माझ्या लेकीचं आयुष्यबी तेच बघतात. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "ऐंशीच्या वर आले तर शिकवा. खाली आले तर मी काढलेलं स्थळ. मग रडायचं नाय." पोरगी बिनधास्त हो म्हणली. ऐंशी तिच्या हातचा मळ होता. वर्षभर बापाचा मोबाईल घेऊन गच्चीवर, जिथं रेंज सापडंल तिथं, उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन शिकली माझी बाय.

निकाल लागला तशी मी शाळेत गेले.

"सर, ते नववीचे मार्क खरे नव्हते. तुम्हालाच ठाऊक आहे."

"वच्छलाबाई, परीक्षा रद्द होणार म्हणून मला काय स्वप्न पडलं होतं?"

"मग आता खरे द्या की."

"सगळं बोर्डात गेलं. बदलायचं तर मला लिहून द्यावं लागेल, की पेपर मुद्दाम चुकीचे तपासले. रिटायर व्हायला आलो, आता तोंडाला काळं फासून घेऊ? पुढच्या वेळी परत बसवा तिला."

"पुढच्या वेळेपर्यंत तिचं लगीन लावतील!"

"सोळाव्या वर्षी? अहो, गुन्हा आहे तो," सर म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला. गुन्हा म्हणं. चहा पिऊन गुन्हा थांबतो जसा काय.

मग कळलं, अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी होणार. पोरगी परत पुस्तकांना चिकटली, जेवायचं भान नाय. आप्पासाहेबांना मी हातापाया पडून थांबवून धरलं. ऑगस्टात कोर्टानं तीबी रद्द केली. दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांचा फोन आला, "रविवारी पाहुणे येतेत. आता सुपारी फोडू, लगीन दिवाळीनंतर गावाकडं गुपचूप उरकू."

पाहुणे म्हणजे कारभारी पाटील, मक्याचे व्यापारी. पोरगा बारावी नापास. घराचं वजन दिसावं म्हणून आमच्या मालकांनी वैजनाथ सरांनाबी बोलावलं होतं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चतुरी ट्रे घेऊन उभी होती. सर चहा घेता घेता सवयीनं बोलून गेले, "वर्गात एक नंबर हो. गणितात माझ्या चुका काढायची."

कारभारींनी कप खाली ठेवला. "एक नंबर? आप्पा, तुम्ही तर पोरगी साधारण आहे म्हणले होते. डोईजड सून नको, हे मी आधीच सांगितलं होतं. म्हणून तर निकाल मागवून घेतला."

आगं माय, माझ्या जिवात जीव आला! मोडतंय, म्हणलं, मोडतंय हे. डोक्यावरचा पदर पडला तरी भान नाय, तशीच बाहेर आले. "सर, खरं सांगा यांना! सहामाहीचे पेपर कसे तपासले ते सांगा. खरे मार्क किती होते?"

सरांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं, मग आमच्या मालकांकडं. मालकांचं तोंड भीक मागितल्यासारखं झालेलं. सर घसा खाकरून म्हणाले, "मास्तरांना कौतुक करायची सवय असते हो, मनावर घेऊ नका. पोरगी तशी साधारणच. कागदावर आहे तेच खरं."

"सर?" चतुरी एवढंच म्हणली. सरांनी तिच्याकडं बघितलं नाय.

"खोटं बोलतोय हा मुडदा!" मी ओरडले. "लेकराचा गळा कापतोय आणि वर चहा पितोय!"

"कडूबा, बायकोला आत घे," आप्पासाहेब म्हणाले. मालकांनी माझा दंड धरला आणि मला आत ओढत नेलं. कारभारी हसून म्हणत होते, चालायचंच, पोरीच्या आईला आपलं लेकरू लई शहाणं वाटतं. मग सुपारी फुटल्याचा आवाज आला. मी मालकांच्या हाताला चावले, तरी त्यांनी सोडलं नाय.

"चतुरे, सरांच्या पाया पड," आप्पासाहेब म्हणाले.

दाराच्या फटीतून मला दिसत होतं. ट्रे बाजूला ठेवून पोरगी वाकली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यशस्वी हो, बाळा." ती उठली आणि उष्ट्या कपबशा गोळा करायला लागली.